काससाठी आणि घरच्या लग्नांसाठी सेकंडहँड डीएसएलआर: कॅनन २००डी मार्क २ की निकॉन डी५६००?

तुम्ही विचारलंय की साताऱ्यात राहून कासची फुलं आणि घरातली लग्नकार्यं टिपायची, तर या दोन सेकंडहँड कॅमेऱ्यांतला कुठला घ्यावा. कासला प्राधान्य असेल तर २००डी मार्क २ घ्या, सोबत कॅननचीच ५५-२५० एसटीएम झूम लेन्स. लग्नं जास्त असतील तर डी५६००. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींत एपीएस-सी आकाराचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), बाहेरचा माइक दोन्हींना जोडता येतो. भिंतीवर लावायच्या आकारात प्रिंट काढली तरी कुठली कुणाची ते ओळखू येणार नाही. फरक पडतो तो जाहिरातीत न येणाऱ्या गोष्टींनी.

कासवर सीतेची आसवं, गेंद ही फुलं अगदी जमिनीलगत असतात. त्यांच्या उंचीवर कॅमेरा न्यायचा म्हणून लोक फुलांत गुडघे टेकतात, आडवे होतात. कृपा करून हे करू नका. कातळावर मातीचा थर मुळातच पातळ, त्यात चिरडलेलं रोप त्या हंगामात बी धरत नाही. पायवाटेवरच बसा, कॅमेरा खाली धरा आणि स्क्रीन बाहेर वळवून वरून बघा. वळणारी स्क्रीन दोन्हींना आहे. पण स्क्रीनवर बघून फोकस करताना निकॉन पुढे-मागे चाचपडत राहतो, आणि पठारावरच्या वाऱ्यात फूल तोवर हललेलं असतं. कॅननचा ड्युअल पिक्सेल फोकस, म्हणजे सेन्सरवरूनच होणारा फोकस, चटकन बसतो. कासपुरता माझा कौल इथेच ठरतो.

लेन्सचंही तसंच. कॅननची ५५-२५० एसटीएम ८५ सेंटिमीटरवरून फोकस करते आणि सेन्सरवर खऱ्या आकाराच्या ०.२९ पट प्रतिमा उमटवते, म्हणजे जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर रुंदीचा भाग पूर्ण फ्रेम भरतो. तेरड्याला, सोनकीला एवढं पुष्कळ झालं. निकॉनची ७०-३०० एएफ-पी डीएक्स १.१ मीटरवरून ०.२२ पट देते. तिथे फ्रेम साडेदहा सेंटिमीटरच्या पुढे जाते. कॅननच्या १८-५५ एसटीएम किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबत येते ती) आणि ५५-२५० चा फिल्टर ५८ मिलिमीटरचाच, त्यामुळे एकच पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) दोन्हींना चालतो. तो घ्याच. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी जाते आणि रंग खुलतो, फक्त प्रकाश दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश), तेव्हा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावा लागतो.

एक्स्टेन्शन ट्यूब (आणखी जवळून फोटो काढता यावा म्हणून लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायची नळी) घेणार असाल तर आत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या. नुसत्या पोकळ स्वस्त नळ्या लावल्या की कॅननचं अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं राहतं आणि निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सचं सगळ्यात लहान होऊन बसतं, कारण त्या लेन्सवर अपर्चरची रिंगच नाही. हिशोब सोपा आहे: ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की अर्धा पट वाढ. मात्र फुलाच्या फार जवळ जावं लागतं, म्हणून कासपेक्षा अंगणातल्या जास्वंदीला हे जास्त उपयोगी.

आता लग्नं. इथे निकॉन सरस आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायची खिडकी) त्याला ३९ फोकस पॉइंट, कॅननला ९ च. अक्षता पडताना नवरा-नवरी फ्रेमच्या एका कडेला असतील तर हा फरक जाणवतो. त्याहून महत्त्वाचं, २००डी मार्क २ च्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवायची खाच) मधली गोल पिन दिलेलीच नाही. त्या एकाच पिनवर चालणारे साधे फ्लॅश आणि दुरून फ्लॅश पेटवणारे स्वस्त ट्रिगर त्यावर पेटतच नाहीत. कॅननसाठी बनवलेला टीटीएल फ्लॅश (लेन्समधून येणारा प्रकाश मोजून आपोआप जुळवून घेणारा) घ्यावा लागतो, तोही दुकानातच लावून बघा. घरात किंवा ओळखीच्या स्टुडिओत आधीपासून साधे फ्लॅश असतील तर हा खर्च आधीच धरा.

निकॉनची गोमही ऐका. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळतात, पण त्यांचा फोकस हातानेच करावा लागेल. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (लेन्समध्येच मोटर असलेले प्रकार) लिहिलेलं असेल तरच घ्या. आणि ती एएफ-पी उद्या कुणाच्या जुन्या निकॉन डी९० किंवा डी३१०० ला लावायला देऊ नका, तिथे फोकस होणार नाही.

सेकंडहँड घेताना निकॉनने काढलेल्या मूळ जेपेग फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेली माहिती) शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, दिसतो. कॅननच्या फाइलमध्ये बहुधा सापडत नाही, त्यामुळे कॅननमध्ये विकणाऱ्याची माहिती आणि बॉडीची झीज यांवरच भिस्त. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात हाच लेन्सचा मोठा शत्रू. घरी आणल्यावर कॅमेऱ्याच्या बॅगेत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. एसी गाडीतून यवतेश्वरचा घाट चढून गेलात की बॅग लगेच उघडू नका, थंड काचेवर धुकं बसतं. आणि कॅनन घेतलात तर दुसरी एलपी-ई१७ बॅटरी हवीच: व्ह्यूफाइंडरवर कंपनी १०७० फोटो सांगते, स्क्रीनवर ३२० च, आणि कासवर तुम्ही सगळा वेळ स्क्रीनच वापरणार.