‘सायलेंट इन्स्टॉल’ला ‘मूक स्थापना’ म्हणावं का?

नवी पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लाससाठी सूचनापत्रक लिहिणाऱ्यांचा प्रश्न आहे: वीस मशीन, काही विंडोजची, काही उबुंटूची, सगळ्यांवर स्क्रिप्टने, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांच्या यादीने, सॉफ्टवेअर टाकायचं आहे. कुणी समोर न बसता होणाऱ्या अशा ‘सायलेंट इन्स्टॉल’ला ‘मूक स्थापना’ चालेल का?

नको. ‘मूक’ म्हटलं की मोर्चा डोळ्यांसमोर येतो आणि स्थापना गणपतीची होते. बोलताना आपण विंडोज ‘मारतो’, सॉफ्टवेअर ‘टाकतो’, नको झालं की ‘काढतो’. पत्रकात ‘बसवणे’ लिहा. नुसतं फोल्डर कॉपी केलं तर ते टाकलं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) नोंद झाली, मेन्यूत नाव आलं, म्हणजे ते बसलं.

‘सायलेंट’ला आपल्याकडे तयार शब्द आहे: बिनबोभाट. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. खिडकी न दिसणं वेगळं, प्रश्न न विचारणं वेगळं. विंडोजच्या एमएसआय फाइलला (ही सॉफ्टवेअर बसवणारी फाइल) ‘/क्यूबी’ हा स्विच, म्हणजे आज्ञेला जोडायची खूण, दिला तर प्रगतीची पट्टी दिसते, पण ‘नेक्स्ट’ दाबायला कुणी लागत नाही. हे ‘न विचारता’ बसवणं. ‘/क्यूएन’ दिलं की पट्टीही गायब. हे खरं बिनबोभाट. ईएक्सई प्रकारच्या इन्स्टॉलर फाइलींचा स्विच मात्र ज्याचा त्याचा. एनएसआयएस या इन्स्टॉलर बनवायच्या साधनाने बनवलेल्यांना ‘/एस’ लागतो, तोही कॅपिटलच. स्मॉल दिला तर नेहमीची खिडकी उघडते आणि स्क्रिप्ट तिथेच ताटकळते.

उबुंटूवर लोक फसतात ते ‘-वाय’ला. तो स्विच फक्त ॲप्टच्या (उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आज्ञेच्या) ‘पुढे जाऊ का?’ला हो म्हणतो. पॅकेजचे स्वतःचे प्रश्न उरतातच. मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट बसवणारं पॅकेज परवान्याची निळी चौकट दाखवून थांबतं. त्यासाठी ‘डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह’ लिहावं लागतं, आणि तेही ‘सुडो’च्या (ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या आज्ञेच्या) नंतर; आधी लिहिलं तर सुडो ते सहसा पुढे पोचू देत नाही. शिवाय या पॅकेजला परवान्याचा होकार डेबकॉन्फमध्ये (पॅकेजच्या प्रश्नांची उत्तरं ठेवणाऱ्या यंत्रणेत) आधीच भरून ठेवावा लागतो, नाहीतर फॉन्ट येतच नाहीत.

बिनबोभाट म्हणजे सुरळीत, असं मात्र पत्रकात सुचवू नका. बोभाटा नाही म्हणून चूकही दिसत नाही, त्यामुळे शेवटी मिळणारा आकडा तपासायचा. एमएसआयमध्ये 0 म्हणजे झालं; 3010 म्हणजे झालं, पण रीस्टार्ट बाकी; 1618 म्हणजे दुसरं काहीतरी बसतंय, थोडं थांबा. 3010 ला चूक समजून तेच पुन्हा पुन्हा बसवणाऱ्या स्क्रिप्टा कमी नाहीत.

राहिला ‘स्क्रिप्ट’. ‘संहिता’ नाटकवाल्यांकडे राहू द्या, स्क्रिप्टच ठेवा. ती स्क्रिप्ट, ती चालवायची. समजावून सांगायला चादरीच्या मागावरचं जकार्ड आहेच: भोकं पाडलेली कार्डं एकामागून एक फिरतात आणि कुठले उभे धागे उचलायचे ते ठरवतात. कार्डांचा क्रम चुकला तरी माग थांबत नाही, नक्षी बिघडत जाते. उबुंटूवर स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशचंही तसंच. एक ओळ फसली तरी ती पुढच्या ओळीवर जाते. थांबवायची असेल तर वरती ‘सेट -ई’ लिहावं लागतं.

पत्रकातलं वाक्य असं करता येईल: ‘ही स्क्रिप्ट ॲडमिन म्हणून चालवा. सॉफ्टवेअर न विचारता, बिनबोभाट बसेल. शेवटी 3010 आला तर मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा बसवू नका.’