‘बहिणीला सांभाळावे’ एवढं लिहून भागत नाही

अंबड तालुक्यातले एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक पत्नीसह माझ्याकडे मृत्युपत्रासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तीन लेकरं, धाकटी चोवीस वर्षांची, बौद्धिक दिव्यांग. “मोठं पोरगं चांगलंय हो, पण आमच्या मागं हिचं कसं व्हावं?” अशी लेकरं असलेल्या घराघरांत हाच घोर असतो.

गुरुजींनी वहीच्या पानावर, वळणदार अक्षरात मृत्युपत्र लिहूनच आणलं होतं: ‘माझी सर्व मिळकत थोरल्या मुलास द्यावी. त्याने बहिणीला सांभाळावे.’

दुसरं वाक्य ही इच्छा झाली, बंधन नव्हे. मुलगा कितीही गुणाचा असो. उद्या तो कर्जात बुडाला किंवा बहिणीआधी गेला, तर मिळकत देणेकऱ्यांकडे नाहीतर त्याच्या वारसांकडे जाणार. यावर उपाय न्यास (ट्रस्ट): मिळकत विश्वस्तांच्या हाती, पण धाकटीसाठीच. भारतीय न्यास अधिनियम, 1882 प्रमाणे न्यासाला तो करण्याचा हेतू, त्याचा उद्देश, लाभार्थी आणि मिळकत या चार गोष्टी स्पष्ट लागतात. म्हणून वाक्य असं झालं: ‘ठेवीचे 20 लाख रुपये विश्वस्तांनी माझ्या धाकट्या मुलीसाठी सांभाळावेत, व्याज, आणि गरज पडल्यास मुद्दल, तिचे जेवण, औषधे व सोबतीच्या बाईचा पगार यांवरच खर्च करावे.’ न्यास मृत्युपत्रातूनच उभा राहतो. गुरुजी हयात असेतो पैसा त्यांचाच आणि मृत्युपत्र बदलायची मुभाही त्यांचीच. 7 टक्क्यांनी वर्षाचे 1,40,000, म्हणजे महिन्याला साडेअकरा हजारांच्या वर. महागाईपुढे ते पुढं पुरायचे नाहीत, म्हणून मुद्दलाची सोय.

विश्वस्त दोन: थोरला आणि गुरुजींच्या पत्नीचा भाचा. एक गेला तर पुढचा कोण, हेही नावानिशी. जास्त वेळ गेला तो धाकटीच्या पश्चात उरलेली रक्कम कुणाची, यावर. थोरल्याची म्हटली, तर बहिणीवर न खर्चलेला प्रत्येक रुपया त्याच्याच घरात येतो. चांगल्या माणसालाही अशा पेचात बसवू नये. ती मधल्या लेकीच्या मुलांना लिहिली.

सातबारा पाहिला तर 6 पैकी 4 एकर वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची. तिथं गुरुजींना फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुली जन्मानंच हिस्सेदार आहेत, धाकटीही. ‘सर्व मिळकत’ हे शब्द तिथं टिकलेच नसते.

साक्षीदार दोन लागतात. त्यांनी गुरुजींना सही करताना पाहावं आणि त्यांच्यासमोरच आपली सही करावी. वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं, म्हणून वयानं लहान घ्यावेत. त्यांना मिळकतीतलं काही मिळणार नसावं. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावं.

ठेवीवर नॉमिनी थोरलाच होता. नॉमिनी बँकेतून पैसा उचलतो, मालक होत नाही. तरी पैसा न्यासात वळवण्याची जबाबदारी कुणाची हे मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमून लिहिलं.

पैशाचं झालं, माणसाचं वेगळं. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा. जिल्ह्यात तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आणि गुरुजींच्या पेन्शनच्या कागदात धाकटीचं नाव वैद्यकीय प्रमाणपत्रासह आत्ताच चढवावं. आईवडिलांमागे तिला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं.

उठता उठता बाई म्हणाल्या, “घर तर माझ्या नावावर हाय.” त्यांचं मृत्युपत्र वेगळं लागेल. पुढच्या सोमवारी दोघांचंही सोबतच करायचं ठरलं.