एचडी ६५० साठी ट्यूब ॲम्प घ्यावा की सॉलिड स्टेट?

तुमच्याकडे सेनहायझर एचडी ६५० हेडफोन आहे, ऐकता जास्त करून ख्याल-ठुमरी, आणि पहिलाच हेडफोन ॲम्प घ्यायचाय तर ट्यूब (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) की सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा), असं विचारलंय. माझं मत सांगतो, पहिला ॲम्प सॉलिड स्टेटच घ्या. पण पुढेमागे ट्यूब घ्यायचा विचार असेल तर हेडफोन मात्र एकदम योग्य हातात आलाय.

ट्यूबचा आवाज गोड आणि ट्रान्झिस्टरचा कोरडा एवढं बोलून लोक मोकळे होतात, पण हेडफोनच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक पाडतो तो ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनकडे जाणाऱ्या सिग्नलला ॲम्पच्या आतूनच होणारा अडथळा. चांगल्या सॉलिड स्टेटचा तो १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ट्यूबवाल्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले जे ओटीएल ॲम्प येतात, बॉटलहेड क्रॅक वगैरे, त्यांचा १०० ओहमच्या पुढे जातो. आता तुमच्या एचडी ६५० चा स्वतःचा इम्पिडन्स कागदावर ३०० ओहम, पण हा आकडा सगळ्या फ्रिक्वेन्सीला तेवढाच राहत नाही, १०० हर्ट्झच्या जरा खाली ड्रायव्हरचा (आवाज काढणाऱ्या पडद्याचा) रेझोनन्स आहे, म्हणजे तो आपसूक जास्त हलतो, तिथे तो ५०० च्या आसपास चढतो. ॲम्पचे १२० धरून हिशोब करून बघा, ३०० ओहम असतो तिथे हेडफोनला ४२० पैकी ३०० म्हणजे ७१ टक्के व्होल्टेज मिळतं, आणि ५०० असतो तिथे ८१ टक्के. म्हणजे तो खालचा पट्टा साधारण १ डेसिबलने वर येतो, आणि डग्ग्याचा घुमारा नेमका तिथेच असतो! ट्यूब लावल्यावर तबला भरलेला वाटतो त्यात याचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात नसलेलं ॲम्पने स्वतः घातलेलं. ओटीएलमध्ये बहुतेक वेळा सिंगल-एंडेड ट्रायोड (ट्यूबची एक साधी रचना) असतात, त्यात दुसरं हार्मोनिक जास्त येतं. दुसरं हार्मोनिक म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात, तो मूळ सुराशी भांडत नाही, त्यामुळे गाणाऱ्याचा आवाज जरा जाड, जवळ आल्यासारखा वाटतो. मला स्वतःला ठुमरी अशी ऐकायला फार आवडते, पण रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेच आणि तेवढंच हवं असेल तर सॉलिड स्टेटला तोड नाही, आणि ते कमी पैशात मिळतं. जेडीएस लॅब्सचा ॲटम किंवा शीटचा मॅग्नी घ्या, डिस्टॉर्शन कानाला कळण्याच्या कितीतरी खाली.

ताकदीची काळजी नको. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज निघतो, तेवढ्यावर कोणी रोज ऐकत नाही, ऐकूही नये.

उद्या प्लॅनर (पातळ सपाट पडद्याचा) हेडफोन घेतलात तर मात्र हाच ओटीएल गैरसोयीचा. ३२ ओहमचा प्लॅनर १२० ओहमच्या ॲम्पवर लावला तर जेमतेम पाचवा हिस्सा व्होल्टेज पोचतं, बाकी सगळं ॲम्पमध्येच जिरतं. आणि अनेक ड्रायव्हरवाले इअरफोन त्यावर लावूच नका, त्यांचा इम्पिडन्स इतका वरखाली होतो की आवाजाचा तोलच बदलतो. म्हणूनच पहिला ॲम्प सॉलिड स्टेट म्हणतोय, तो कशालाही चालतो.

ते स्वस्तातले हायब्रिड असतात ना, १२-२४ व्होल्टवर एक छोटी ट्यूब आणि खालून एलईडीचा केशरी उजेड, त्यात पुढे हेडफोन चालवायचं काम ऑपॅम्प (ॲम्प्लिफायरची चिप) किंवा ट्रान्झिस्टरच करतात. ट्यूबसाठी म्हणून त्यात पैसे घालू नका.

दोन्ही ॲम्प शेजारी ठेवून ऐकायची संधी मिळाली तर आवाजाची पातळी कानाने नाही, मल्टिमीटरने जुळवा. हेडफोन लावलेला असताना ४०० हर्ट्झचा टोन वाजवा आणि दोन्हीकडे एसी व्होल्टेज सारखं करून घ्या, मीटरला २ व्होल्टची एसी रेंज हवी, अगदी स्वस्त मीटरमध्ये ती नसते. हे केलं नाही तर जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, प्रत्येकाला.

आणि ट्यूबवाला बाहेरून मागवलात तर २३० व्होल्टचाच आहे ना हे आधी बघा. आत शंभराच्या वर डीसी व्होल्टेज असतं आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहू शकतं, त्यामुळे तळाचं झाकण उघडायचं काम माहितगाराकडेच द्या.