महाराष्ट्र स्कूटर्सचा शेअर मालमत्तेच्या मानाने स्वस्त मिळतोय, घ्यावा का?
नुसता स्वस्त दिसतो म्हणून अजिबात नको. कंपनीचं स्कूटर बनवणं केव्हाच बंद झालं. खरी किंमत आहे ती तिच्याकडच्या बजाज ऑटो, बजाज फायनान्स, बजाज फिनसर्व्हच्या शेअरमध्ये. वार्षिक अहवालातून त्यांची संख्या काढा, आजच्या भावाने गुणा, कंपनीच्या एकूण शेअरनी भागा. बाजारभाव या आकड्याच्या निम्मा असला तरी तफावत मिटेलच असं नाही: महाराष्ट्र स्कूटर्सचे 51 टक्के शेअर बजाज समूहाच्याच बजाज होल्डिंग्जकडे आहेत, आणि कंपनीकडचे बजाजचे शेअर विकून पैसे वाटायची त्यांना काय घाई? तुमच्या हाती पडतो तो लाभांश. तफावत वर्षानुवर्षं एवढीच असेल तर स्वस्त कसला! आजच्या भावाने थेट बजाज फायनान्स घ्याल का, हे आधी ठरवा. नाही म्हणत असाल, तर हाही सोडा.