सरयू वर्गातली गस्ती जहाजं दुय्यम आहेत का?

तुमचा प्रश्न असा: नौदल भरतीची तयारी चाललीय, पण सरयू वर्गाच्या गस्ती जहाजांवर क्षेपणास्त्रं नाहीत म्हणून मित्र त्यांना दुय्यम म्हणतात. तिथं नेमणूक झाली तर काय उपयोग?

तुम्ही निपाणीचे, मी खानापूर तालुक्यातला. ही जहाजं वास्कोला गोवा शिपयार्डमध्ये बांधली, तेव्हा मी तिथं एका ठेकेदाराकडे वेल्डर होतो. आमच्याकडची बरीच पोरं लोंढ्याला गाडी पकडून तिकडं कामाला जायची.

मी जास्त करून तळातल्या डिझेलच्या टाक्यांवर होतो. पंखा लावायचा, भोकाच्या तोंडाशी एक माणूस उभा करायचा आणि सरपटत आत जायचं. डोक्यावरचा जोड मारताना ठिणग्या खांद्यावर पडत. मग टाकीत हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं. एक जरी बुडबुडा आला तरी जोड घासून काढून पुन्हा.

या जहाजाचा खरा जोर त्या टाक्यांतच आहे. 105 मीटर लांब, दोन डिझेल इंजिनं, वेग 25 नॉट, म्हणजे तासाला 25 सागरी मैल. पण 16 नॉटनं चाललं तर मध्ये डिझेल न भरता 6000 सागरी मैल, म्हणजे पंधरा दिवस सलग. आमच्याकडं भात पोटऱ्यात आलं की गवे-डुकरांसाठी माळ्यावर राखणीला बसतात. राखणीला रात्रभर जागं राहणारा माणूस लागतो. समुद्रावरही तसंच: चाचे पकडायला, तस्करांवर नजर ठेवायला फ्रिगेट, म्हणजे क्षेपणास्त्रांची मोठी युद्धनौका, महिनोन्‌महिने फिरवत ठेवणं परवडत नाही. 76 मिमीची तोफ, 30 मिमीच्या दोन तोफा आणि हेलिकॉप्टर या कामाला भरपूर झालं.

वर्गात चारच जहाजं: सरयू आणि सुनयना 2013 मध्ये दाखल झाली, सुमेधा आणि सुमित्रा 2014 मध्ये. 31 मार्च 2015 ला सुमित्रानं लढाई पेटलेल्या येमेनच्या एडन बंदरातून 349 जणांना बाहेर काढून जिबूतीला नेलं. टीव्हीवर डेकवर बसलेली माणसं दिसली, बायांच्या मांडीवर पोरं. मी जेवायला बसलो होतो, घास हातातच राहिला. 2023 मध्ये सुदानच्या लढाईत अडकलेल्या भारतीयांची पहिली तुकडी बाहेर आणली ती सुमेधानं, 278 जण. जानेवारी 2024 मध्ये तर सुमित्रानं दीड दिवसात दोन मासेमारी नौका सोमाली चाच्यांच्या हातून सोडवल्या, एकीवर 17 इराणी खलाशी, दुसरीवर 19 पाकिस्तानी. अशा वेळी जो जवळ असतो तोच पोचतो, आणि जवळ असणं हेच या जहाजांचं काम.

शिकायला मिळेल का म्हणता, तर एप्रिल 2025 मध्ये सुनयना कारवारहून 9 मित्रदेशांचे 44 नौसैनिक बरोबर घेऊन निघाली. कारवार आपल्यापासून किती लांब आहे? फॉर्म भरा, आणि पोहायला आजपासूनच सुरुवात करा. आपल्याकडची पोरं विहिरीत पोहतात, पण दम कमी पडतो.