सालीची पूड बिस्किटांत

प्रश्न : डाळिंबाच्या सालीची पूड बिस्किटांत घातली तर भट्टीत तिचे अँटिऑक्सिडंट जळून जात नाहीत का?

उत्तर : सगळे नाही. प्युनिकॅलॅजिन हे सालीतलं मुख्य अँटिऑक्सिडंट उष्णतेने काही अंशी मोडतं, पण त्यातून निघणारं एलॅजिक आम्ल, तेही अँटिऑक्सिडंटच, बऱ्यापैकी तग धरतं. मला भट्टीपेक्षा तुरटपणाची धास्ती जास्त! टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जीभ कोरडी पडते. म्हणून पिठाच्या शंभर ग्रॅममागे 2 ग्रॅमपासून सुरुवात करा. साल आधी नीट धुवा, फवारणीचे अंश तिच्यावरच बसतात. खरा फायदा मला टिकाऊपणात दिसतो : ही पूड तुपाला खवट वास येणं लांबवते. पाकिटावर मात्र ‘हृदयासाठी उत्तम’ वगैरे छापू नका. रक्तात यातलं फारच थोडं पोचतं.