जुन्या आउटबोर्ड मोटरच्या गिअरकेसमधून तेल गळतंय, सगळी ऑइल सील बदलून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की पंधरा एचपीची जुनी टू-स्ट्रोक मोटर आहे, बोट पानशेतच्या पाण्यात चालते, मोटर उभी ठेवली की रात्रभरात खाली डाग पडतो आणि गिअर ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं. सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल-पाणी अडवणारी रबरी कडी) आणायला लगेच पुण्याची नाना पेठ गाठू नका. आधी गिअरकेसमध्ये, म्हणजे मोटरच्या तळाशी प्रोपेलर फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीत, हवा भरून गळतीची नेमकी जागा पकडा. अंदाजाने सील बदलली तर पुष्कळदा जुनी गळती तशीच राहते.

आधी डाग कशाचा ते बघा. टू-स्ट्रोकचं न जळलेलं तेल एक्झॉस्टमधून प्रोपेलरच्या मधल्या पोकळीतून ठिबकतं. ते काळं, पातळ असतं आणि त्याला धुराचा, पेट्रोलचा वास येतो. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. तुमचं तेल दुधाळ आहे, म्हणजे आत पाणी नक्की जातंय. पण डाग त्याचाच असेल असं नाही.

पाणी जातं कसं, तेही समजून घ्या. चालताना गिअरकेस गरम होते आणि आतली हवा, तेल फुगतं. बोट थांबली की थंड पाण्यात ती आकसते आणि कमजोर सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. म्हणून तेल फारसं बाहेर न येताही पाणी आत सापडतं.

आता चाचणी. मोटर रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी गिअरकेसचा खालचा, तेल काढायचा (ड्रेन) स्क्रू हळूच सैल करा. पाणी तळाला बसलेलं असतं, त्यामुळे तेच आधी येईल. मोटर जुनी जॉन्सन किंवा एव्हिनरूड असेल तर इथे फार जपा: ड्रेनजवळ फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असू शकतो, तो गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा असतो. तो काढला तर अख्खी गिअरकेस उघडावी लागते. तेल पूर्ण निथळू द्या, खालचा स्क्रू परत घट्ट लावा, प्रोपेलर काढा, लोअर युनिट (गिअरकेससकट खालचा भाग) मोटरपासून उतरवा. वरच्या, तेलाची पातळी बघायच्या भोकाला त्याच आट्यांचा निपल लावून गेज असलेल्या सायकल पंपाने १० ते १२ पीएसआय हवा भरा. १५ च्या वर जाऊ नका, चांगलं सीलही सरकू शकतं. युनिट पाण्याच्या टबात बुडवा, शाफ्ट हाताने फिरवा, गिअरचा रॉड पुढेमागे करा. बुडबुडे जिथून येतील तीच जागा. पाच मिनिटं काटा हलला नाही तर ब्रेक ब्लीड करायच्या हातपंपाने साधारण १० इंच पाऱ्याचा व्हॅक्यूमही देऊन बघा. प्रोपेलर शाफ्टवर बहुधा दोन सील पाठीला पाठ लावून बसतात: आतलं तेल अडवतं, बाहेरचं पाणी. दाबाने फक्त आतल्याची परीक्षा होते.

आपल्याकडच्या धरणांत पहिला संशय याच जागेवर घ्यावा. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा आणि जलपर्णीची मुळं प्रोपेलरमागच्या वॉशरखाली गुंडाळतात, आणि धागा सीलची कडा कापतो. तसं असेल तर बेअरिंग कॅरिअर (प्रोपेलर शाफ्टचं बेअरिंग आणि सील धरून ठेवणारा भाग) बाहेर काढावा लागेल. मोटर कोकणातून आलेली असेल तर खाऱ्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा थर धरून कॅरिअर घट्ट अडकलेला असतो. हीट गनने (गरम हवेच्या यंत्राने) बाहेरचं कवच गरम करून पुलरने ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलंत तर ओ-रिंगची जागा ओरखडते आणि मग नवी ओ-रिंगही गळते. आतले शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याचा फोटो काढा. ते चुकले की गिअरचे दात नीट जुळत नाहीत.

शाफ्टवर सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर नुसतं नवीन सील टिकणार नाही. जागा असेल तर ते दोन-एक मिलिमीटर आतबाहेर बसवा, नाहीतर शाफ्टवर पातळ स्टील स्लीव्ह चढवा. सील आणताना त्यावर लिहिलेली आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तिन्ही मापं घेऊन जा, पण आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का हे विचाराच. साधी स्प्रिंग पाण्यात गंजते. माझं मत असं की पाण्याकडचं सील तरी मूळ कंपनीचंच घ्यावं.

बसवताना सीलच्या बाहेरच्या घेराला सीलंटचा पातळ हात द्या, शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडांवर मरीन ग्रीस लावा आणि शाफ्टच्या आट्या टेपने झाका. सील बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सरळ दाबा. कडा कोणत्या दिशेला होत्या ते काढण्याआधीच बघून ठेवा.

इंजिनकडून खाली येणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचं सील वॉटर पंपाखाली असतं. तिथे हात घातलाच तर इम्पेलरही (पंपातलं रबरी चक्र) नवा टाका. गिअर रॉडची ओ-रिंग आणि दोन्ही स्क्रूंचे वॉशर स्वस्त आहेत, ते न बघताच बदला. पुष्कळदा गळती नुसत्या त्या दबलेल्या वॉशरचीच असते.

जोडल्यावर तेल भरण्याआधी पुन्हा दाब आणि व्हॅक्यूम, दोन्ही द्या. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचं नव्वद नंबरचं हायपॉइड तेल खालच्या भोकातून पंपाने हळूहळू भरा. या आकाराच्या मोटरला साधारण पाव लिटर लागतं. वरून बुडबुड्यांशिवाय तेल येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून खालचा. वरून भरलंत तर हवा अडकते. अर्ध्या तासाने पातळी पुन्हा बघा, आणि दहा तास चालवल्यावर थोडं तेल काढून रंग तपासा.

जुनं तेल धरणाच्या काठावर ओतू नका. पानशेतचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुणे शहराच्या नळाला. डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.